व्हाइट हाउसच्या गुप्त टेप्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेचे काही अध्यक्ष आपल्या कार्यालयातली आणि फोनवरची बोलणी गुपचूप टेप करत. 'टेप्समुळे निक्सनची खुर्ची गेली' एवढं बहुतेकांना माहीत असतं. त्या टेप्सवर आणखी काय आहे आणि निक्सनच्या आधीच्यांनी काय करून ठेवलं होतं, हे मात्र फारसं कानावर आलेलं नसतं. रात्री जेवणं आटोपली की हेडफोन लावून या टेप्स ऐकायचा नाद मला बरीच वर्षं आहे. कुठे विषय निघाला की ठरावीक प्रश्न येतातच, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. मधूनमधून माझी मतंही आहेत, ती ओळखू येतील.

अशा टेप्स नेमक्या कोणी केल्या? आहेत तरी किती?

फ्रँकलिन रूझवेल्ट, हॅरी ट्रूमन, ड्वाइट आयझेनहॉवर, जॉन केनेडी, लिंडन जॉन्सन आणि रिचर्ड निक्सन. १९४० ते १९७३ या काळातले ओळीने सहा अध्यक्ष. चार डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन, तेव्हा हा एकाच पक्षाचा रोग होता असं म्हणायची सोय नाही.

पहिल्या तिघांचा ऐवज किरकोळ आहे. रूझवेल्टचे जेमतेम आठ तास, ट्रूमनचे साधारण दहा. केनेडींचे २६० तास, जॉन्सनचे ८०० आणि निक्सनचे सुमारे ३,७००. सगळं मिळून पाच हजार तासांच्या आसपास भरतं. रात्रंदिवस न झोपता ऐकलं तरी सात महिने लागतील.

पण करायच्या कशासाठी? स्वतःच्याच गळ्याला फास नाही का?

आज आपल्याला तसं वाटतं, त्यांना वाटलं नाही. १९३९च्या जानेवारीत रूझवेल्टनी काही सिनेटरांशी खासगीत चर्चा केली आणि 'अमेरिकेची सरहद्द ऱ्हाइन नदीवर आहे' असं ते म्हणाल्याचं बाहेर छापून आलं. आपण असं बोललोच नाही, असा त्यांचा दावा. त्यातून पुढच्या वर्षी टेबलावरच्या दिव्यात मायक्रोफोन आला. म्हणजे सुरुवात झाली ती 'माझ्या तोंडी भलतं घालू नका' या काळजीतून.

जॉन्सनचा हिशेब वेगळा. ते सिनेटमध्ये मुरलेले, सारा कारभार फोनवर. कोणी काय कबूल केलं, कोणाला कशाच्या बदल्यात काय द्यायचं ठरलं, याची ती खतावणीच होती. निक्सनना पुढे आत्मचरित्र लिहायचं होतं, आणि भेटून गेलेला माणूस बाहेर वेगळंच सांगू लागला तर हाताशी पुरावा हवा होता. केनेडींनी स्वतः कारण कुठे सांगितलेलं नाही. पण क्यूबावरच्या चढाईची 'बे ऑफ पिग्ज' मोहीम फसल्यावर सल्लागारांच्या आठवणी कशा रंग बदलतात, हे त्यांनी १९६१मध्ये चांगलंच पाहिलं होतं.

समोरच्याला न सांगता रेकॉर्ड करणं कायदेशीर होतं?

हो. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, आणि तो एक म्हणजे खुद्द अध्यक्ष. शिष्टाचाराचा प्रश्न वेगळा.

यंत्रणा कशी चालायची?

हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

केनेडींनी १९६२च्या उन्हाळ्यात रॉबर्ट बाउक नावाच्या सीक्रेट सर्व्हिसच्या अधिकाऱ्याकडून ओव्हल ऑफिस, म्हणजे अध्यक्षांचं कार्यालय, आणि कॅबिनेट रूममध्ये मायक्रोफोन लपवून घेतले. रेकॉर्डर तळघरात. बटण मात्र केनेडींच्या हाताशी. त्यांनी दाबलं तरच टेप फिरायची. त्यामुळे केनेडींच्या टेप ऐकताना एक गोष्ट विसरून चालत नाही: खोलीतल्या एका माणसाला ठाऊक होतं की इतिहास ऐकतो आहे, आणि कुठला भाग ऐकवायचा हेही तोच ठरवत होता.

निक्सन सत्तेवर आले तेव्हा त्यांनी जॉन्सनची यंत्रणा काढून टाकायला लावली. मग दोन वर्षांनी, १९७१च्या फेब्रुवारीत, स्वतःची बसवली. ओव्हल ऑफिसच्या टेबलात पाच मायक्रोफोन आणि शेकोटीपाशी दोन. निक्सनना यंत्रांचं वावडं. बटणं दाबायचं त्यांना जमणार नाही, अशी त्यांचे मुख्य सहायक हाल्डेमन यांची खात्री होती, म्हणून आवाज झाला की आपोआप सुरू होणारी व्यवस्था केली. अध्यक्ष खोलीत आहेत एवढं कळलं की यंत्र सज्ज, आणि कोणी तोंड उघडलं की टेप सुरू. कॅबिनेट रूममध्ये तेवढी बटणाची सोय होती.

निक्सनना ज्या गोष्टीने बुडवलं ती ही. बटण नसल्यामुळे ते विसरून गेले. महत्त्वाचं बोलणं, बिनमहत्त्वाचं बोलणं, चरफडणं, पेल्यात बर्फ पडल्याचा आवाज, सगळं एकाच टेपवर जमा होत राहिलं. केनेडींच्या टेप्स म्हणजे निवडलेलं धान्य. निक्सनच्या टेप्स म्हणजे खड्यांसकट पोतं. अभ्यासकाला खरं काम पोत्यात सापडतं.

आजूबाजूच्यांना माहीत नव्हतं?

अगदी मोजक्यांना होतं. निक्सनच्या काळात हाल्डेमन, त्यांचे मदतनीस अलेक्झांडर बटरफील्ड आणि सीक्रेट सर्व्हिसचे काही तंत्रज्ञ. निक्सनचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांना पत्ता नव्हता. गंमत अशी की किसिंजर स्वतःच्या कार्यालयात आलेल्या फोनवर सेक्रेटरीला बसवून बोलणी टिपून घेत. शेरास सव्वाशेर होता एवढंच.

क्यूबाच्या पेचप्रसंगाच्या टेप्स एवढ्या का गाजतात?

कारण आठवण आणि टेप यांची इतकी उघड लढत दुसरीकडे कुठे झालेली नाही.

१६ ते २८ ऑक्टोबर १९६२. सोव्हिएत संघाने क्यूबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं आणल्याचं विमानातून काढलेल्या फोटोंत दिसलं. पुढचे तेरा दिवस केनेडी आणि त्यांचे सल्लागार खल करत बसले आणि त्यातला मोठा भाग टेप झाला. अध्यक्षांचे धाकटे भाऊ रॉबर्ट केनेडी यांचं या दिवसांवरचं पुस्तक त्यांच्या हत्येनंतर, १९६९मध्ये आलं. त्यात ते स्वतः संयमाचा आग्रह धरणारे दिसतात आणि कित्येक वर्षं सगळ्या जगाने तेच खरं मानलं. टेप्स खुल्या झाल्यावर वेगळाच माणूस ऐकू आला. रॉबर्ट बहुतेक बैठकांमध्ये तिखट पक्षात आहेत. हल्ल्याचा पर्याय ते सहजी सोडत नाहीत. शांतपणे ब्रेक दाबत राहतात ते थोरले बंधू.

२७ ऑक्टोबरचा शनिवार तर ऐकावाच असा आहे. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी अट घातलेली असते: तुम्ही तुर्कस्तानातली तुमची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढा, आम्ही क्यूबातली काढतो. खोलीतले जवळजवळ सगळे म्हणतात, हे मान्य केलं तर नाटोची अब्रू जाईल. केनेडी पुन्हा पुन्हा एकाच मुद्द्यावर येतात: कुठल्याही समंजस माणसाला हा सौदा रास्तच वाटेल, मग तो नाकारून आपण लढाईवर जायचं कसं? ते ओरडत नाहीत, टेबल ठोकत नाहीत. तासामागून तास, जवळजवळ एकटेच, तेच म्हणत राहतात. चिवटपणा हा गुण छापील मजकुरात दिसतच नाही. त्यासाठी कानांनी तो वेळ सोसावा लागतो.

त्याआधी १९ तारखेला सेनादलांच्या प्रमुखांशी बैठक झाली. हवाई दलाचे कर्टिस लमे अध्यक्षांना तोंडावर सांगतात की हल्ल्याऐवजी क्यूबाची सागरी नाकेबंदी करणं म्हणजे म्युनिकमध्ये हिटलरपुढे घातलेल्या लोटांगणाइतकंच वाईट. केनेडींचे वडील त्या म्युनिकच्या काळात लंडनमध्ये राजदूत होते आणि हिटलरशी जुळवून घेण्याच्या बाजूचे होते, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत. घाव कुठे घातला आहे ते समजून घ्या. मग केनेडी उठून जातात, पण बटण चालूच राहतं, आणि मागे राहिलेले सेनापती लमेंची पाठ थोपटताना, अध्यक्षांच्या पायाखालची सतरंजीच ओढलीत म्हणून कौतुक करताना ऐकू येतात. मुलकी सत्ता आणि लष्कर यांच्यातल्या ताणावर कितीही प्रबंध वाचा, या दोन मिनिटांची सर त्यांना नाही.

म्हणजे क्यूबाचं सगळं सत्य टेपवर आहे?

नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचा तुकडाच नाही. शनिवारी संध्याकाळी रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले आणि तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं निघतील, पण गुपचूप, असा शब्द देऊन आले. ही भेट कुठेच रेकॉर्ड झाली नाही. त्याआधी ओव्हल ऑफिसमध्ये मोजक्या लोकांनी बसून हे ठरवलं, तेव्हाही केनेडींनी बटण दाबलं नव्हतं. सल्लागारांच्या मोठ्या समितीतल्या बऱ्याच जणांना ही देवाणघेवाण झाल्याची खबरही नव्हती. बटण ज्याच्या हाती, गुपित त्याच्या हाती.

केनेडींना चंद्राचं वेड होतं ना?

२१ नोव्हेंबर १९६२ची टेप ऐका. नासाचे प्रमुख जेम्स वेब विज्ञानाबद्दल तळमळीने बोलतात आणि केनेडी स्पष्ट सांगतात की मला अंतराळात तेवढा रस नाही. रशियनांच्या आधी पोचायचं, हाच मुद्दा. त्यांची राइस विद्यापीठातली चंद्राबद्दलची प्रसिद्ध वक्तृत्वपूर्ण मांडणी याच वर्षीच्या सप्टेंबरची.

या टेप्समध्ये भारत आहे का?

आहे, आणि आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त.

क्यूबाचे ते तेरा दिवस चालू असतानाच, २० ऑक्टोबर १९६२ला, चीनने भारतावर हल्ला केला. पुढे कृष्ण मेननांना जावं लागलं आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, म्हणजे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. चव्हाण सैन्याची घडी नव्याने बसवत होते त्या काळात, ९ मे १९६३ला, व्हाइट हाउसमध्ये एक बैठक झाली. चीनने पुन्हा आक्रमण केलं तर अमेरिकेने भारताच्या पाठीशी उभं राहायचं का, हा विषय. त्या टेपवर संरक्षणमंत्री मॅकनमारा बजावतात की तसा शब्द द्यायचा असेल तर मोठ्या चिनी हल्ल्यापुढे तो पाळण्यासाठी अण्वस्त्रं वापरावी लागतील, हे आधी समजून घ्या. ही टेप २००५मध्ये लोकांसमोर आली. अलिप्ततावादावर आपल्याकडे पन्नास वर्षं वाद झाले, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये कुठल्या भाषेत विचार चालला होता हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आणि १९७१? ती शिव्यांची टेप?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, तेव्हा जरा सविस्तर.

४ नोव्हेंबर १९७१ला इंदिरा गांधी व्हाइट हाउसमध्ये निक्सनना भेटल्या. पाकिस्तानी लष्कराच्या अत्याचारांमुळे पूर्व पाकिस्तानातून कोटीच्या घरात निर्वासित भारतात आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी निक्सन आणि किसिंजर त्या भेटीचा आढावा घेतात. निक्सन इंदिराबाईंना 'म्हातारी चेटकीण' म्हणतात, किसिंजर सरसकट भारतीयांनाच हरामखोर ठरवतात. हा मजकूर २००५मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने प्रसिद्ध केला आणि इकडे गदारोळ झाला. किसिंजरनी खेद व्यक्त केला, शीतयुद्धाच्या तापलेल्या वातावरणाचा दाखला दिला आणि इंदिरा गांधींबद्दल आपल्याला आदरच आहे असंही सांगून टाकलं. २०२०मध्ये आणखी काही भाग खुले झाले. त्यात निक्सन भारतीय स्त्रियांच्या रूपावर जे बोलतात ते इथे लिहायची माझी इच्छा नाही.

ऐकताना रक्त उसळतं, हे खरं. पण आपण तिथेच थांबतो, ही माझी तक्रार. शिव्या हे धोरणाचं कारण नव्हतं, ते त्याचं तोंड होतं. कारण चीन. जुलै १९७१मध्ये किसिंजर पाकिस्तानात पोट बिघडल्याचं सोंग करून गुपचूप पेकिंगला जाऊन आले, आणि ती वाट पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान यांच्या अंगणातून जात होती. त्याच वर्षी ६ एप्रिलला ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांचे सहकारी स्वतःच्याच सरकारचा निषेध करणारी तार पाठवून चुकले होते. म्हणजे काय घडतं आहे हे वॉशिंग्टनला कळत नव्हतं, ही सबब चालत नाही. ब्लड यांची तिथून उचलबांगडी झाली.

माझ्या मते खरी भयंकर टेप डिसेंबरची आहे. युद्ध पेटलेलं, भारतीय फौजा ढाक्याकडे सरकत असलेल्या. चीनने भारताच्या सीमेवर सैन्य हलवावं यासाठी काय करता येईल, विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागरात कसं दिसेल, याची चर्चा हे दोघं करतात. १२ डिसेंबरला बोलणं इथवर जातं: चीन उतरला, त्यावर रशिया चीनवर चालून गेला तर? मग काय, अणुबॉम्ब टाकायला लागायचं, असंच म्हणायचं आहे का, या अर्थाचं निक्सन विचारतात. आवाजात विशेष चढउतार नाही. चार दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली आणि प्रश्न निकालात निघाला. त्या रविवारी आपल्याकडे रेडिओला कान लावून बसलेल्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

जॉन्सनच्या टेप्समध्ये काय विशेष?

माणूस. एवढा सबंध माणूस कुठल्याही राज्यकर्त्याच्या कागदपत्रांत सापडत नाही. गोड बोलणारा, धमकावणारा, गावाकडच्या गोष्टी सांगणारा, रात्री झोप न येणारा.

नमुना म्हणून २९ नोव्हेंबर १९६३. केनेडींची हत्या होऊन आठवडा झालेला. चौकशी आयोगावर सिनेटर रिचर्ड रसेल हवेत. रसेल म्हणतात, मला जमणार नाही, शिवाय सरन्यायाधीश वॉरन यांच्याबरोबर काम करायची माझी इच्छाच नाही. जॉन्सन ऐकून घेतात आणि सांगतात की तुमचं नाव आधीच जाहीर झालेलं आहे. मग देशाची हाक, जुनी मैत्री, कर्तव्य, एकेक करून सगळी अस्त्रं. फोन ठेवेपर्यंत रसेल आयोगावर असतात. अमेरिकी पत्रकार या हातोटीला 'जॉन्सन ट्रीटमेंट' म्हणत. कानांनी ऐकल्याशिवाय तिचं वजन कळत नाही.

आता २७ मे १९६४. त्या दिवशी दिल्लीत नेहरू गेले. शस्त्रमदतीच्या बोलण्यांसाठी अमेरिकेत गेलेल्या यशवंतरावांना दौरा अर्धवट टाकून परतावं लागलं. आणि त्याच दिवशी जॉन्सन फोनवर व्हिएतनामबद्दल बोलत होते, आधी रसेलशी, मग सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडींशी. या जागेसाठी लढावं असं मला वाटत नाही आणि बाहेर पडता येईल असंही वाटत नाही, असं ते बंडींना सांगतात. एवढा घोळ आयुष्यात पाहिला नाही, हेही. मग आपल्या दिमतीच्या सार्जंटची गोष्ट काढतात. त्याला सहा लहान मुलं आहेत, मी त्याला तिकडे कशासाठी धाडू?

पुढच्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकी मरीन दानांगला उतरले. युद्ध संपेपर्यंत ५८,०००हून जास्त अमेरिकी सैनिक मेले, व्हिएतनामी माणसं त्याच्या कितीतरी पट. 'पुढे काय होणार हे त्यांना कळलं नाही' असा या युद्धाचा लाडका खुलासा होता. टेपने तो संपवला. कळत होतं, आणि तरी केलं. रसेल आणि जॉन्सन दोघंही त्या फोनवर ज्या गोष्टीने अस्वस्थ आहेत ती व्हिएतनाममधली नाही. माघार घेतली तर देशातलं राजकारण आपल्याला खाऊन टाकेल, ही ती भीती.

पँटची टेप खरी आहे की विनोद?

खरी आहे. ९ ऑगस्ट १९६४. जॉन्सन टेक्सासमधल्या हॅगर या पँट शिवणाऱ्या कंपनीच्या मालकाला फोन करून सहा पँटींची ऑर्डर देतात. खिसे खोल हवेत, कंबर जरा ढिली हवी. मग अवघड जागेचं दुखणं येतं: तिथे पँट काचते, एक इंच कापड सोडा. मध्येच अध्यक्ष महाशय खुशाल ढेकर देतात. लोक हे ऐकून हसतात, मीही हसतो. तारीख मात्र पाहा. टोंकिनच्या आखाताचा ठराव, म्हणजे व्हिएतनाममध्ये हवं ते करायची मोकळीक, ७ ऑगस्टला अमेरिकी संसदेत मंजूर झाला आणि १० ऑगस्टला त्यावर सही झाली. मधल्या रविवारी पँट.

१९६८च्या निवडणुकीत देशद्रोह झाला होता म्हणतात, ते टेपवर सिद्ध होतं का?

अर्धंच. २ नोव्हेंबर १९६८ला, मतदानाला तीन दिवस उरले असताना, जॉन्सन रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांना सांगतात की तुमच्या उमेदवाराची माणसं दक्षिण व्हिएतनामला शांतता बोलण्यांपासून दूर राहायला सांगताहेत, आणि हा देशद्रोह आहे. डर्कसन उत्तर देतात, 'मला माहीत आहे.' दुसऱ्या दिवशी निक्सन फोन करून हात झटकतात, तेही टेपवर आहे. जॉन्सनची माहिती गुप्त पाळतीतून आलेली, म्हणून ते जाहीरपणे बोलले नाहीत. निक्सन निसटत्या मतांनी निवडून आले.

मग पुरावा कुठून आला? कागदातून. हाल्डेमनच्या २२ ऑक्टोबर १९६८च्या हस्तलिखित टिपणांमध्ये निक्सनच्या सूचना सापडल्या, मध्यस्थ असलेल्या अ‍ॅना शेनॉल्ट यांना कामाला लावून ठेवा म्हणून. बखरींपेक्षा अस्सल चिठोऱ्यावर जीव टाकणारे आपले इतिहासाचार्य राजवाडे हे पाहून खूश झाले असते.

वॉटरगेटमध्ये टेप्सचं नेमकं काय झालं?

थोडक्यात सांगतो, हे सगळीकडे मिळतं. १७ जून १९७२ला वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात चोरटे पकडले गेले. १६ जुलै १९७३ला बटरफील्डनी सिनेटच्या समितीपुढे गुप्त यंत्रणेची कबुली दिली. विशेष वकील आर्चिबाल्ड कॉक्सनी टेप्स मागितल्या. २० ऑक्टोबरला निक्सननी त्यांना काढायचा हुकूम सोडला, तेव्हा अ‍ॅटर्नी जनरल आणि त्यांचे उपप्रमुख दोघांनीही राजीनामे फेकले. २४ जुलै १९७४ला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० असा निकाल दिला: टेप्स द्या. २३ जून १९७२ची टेप ५ ऑगस्टला बाहेर आली. सीआयएकरवी एफबीआयचा त्या चोरीचा तपास थांबवायला निक्सन मान्यता देताना तीत स्पष्ट ऐकू येतात. ९ ऑगस्टला त्यांनी अध्यक्षपद सोडलं.

त्याआधी एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःच बाराशेहून अधिक पानांचा संपादित मजकूर छापून दिला होता. त्यात जागोजागी 'अपशब्द गाळला' असं कंसात. जनतेने रिकाम्या जागा आपल्या कुवतीप्रमाणे भरल्या, आणि बहुधा मूळ शब्दांहून जहाल भरल्या.

निक्सननी टेप्स जाळून का टाकल्या नाहीत?

बातमी फुटली तेव्हा ते न्यूमोनियाने नौदलाच्या इस्पितळात होते. जाळाव्यात की नाही यावर सल्लागारांत दुमत. एकदा मागणीची नोटीस आली की जाळणं म्हणजे उघड गुन्हा. आणि टेप्समुळेच आपण सुटू, अशी त्यांची समजूत होती. हे मला पटतं. स्वतःचं बोलणं आपल्याला नेहमी बरंच वाटतं.

ती साडेअठरा मिनिटं?

२० जून १९७२, चोरीनंतर तिसरा दिवस, निक्सन आणि हाल्डेमन यांचं बोलणं. टेपवर साडेअठरा मिनिटं नुसती घरघर. सेक्रेटरी रोझ मेरी वुड्स म्हणाल्या की फोन घेताना चुकून पाय पेडलवर राहिला, पण तोही पाचेक मिनिटांपुरताच. त्यांनी ते करून दाखवल्याचा फोटो आहे, एक हात मागे फोनकडे, पाय पुढे पेडलवर. योगासनांच्या वर्गात शोभेल असा. तज्ज्ञांना किमान पाच वेगवेगळ्या वेळा खोडल्याच्या खुणा मिळाल्या. हे शतक सुरू झाल्यावर राष्ट्रीय अभिलेखागाराने आवाज परत मिळवायचा प्रयत्न करून पाहिला, तो फसला.

टेप खोटं बोलते का?

टेप बोलते ते खरं. ऐकणारा चुकतो. जॉन्सनच्या एका सेक्रेटरीने उतरवून काढलं की अध्यक्ष म्हणाले, बाहेर हरामखोरांची टोळी माझी वाट बघते आहे. मूळ टेपवर ते म्हणत होते की 'पाकिस्तान अँबॅसडर' वाट बघताहेत. इंग्रजीत 'पॅक ऑफ बास्टर्ड्‌स' आणि हे, टेक्सासच्या हेलात दोन्ही सारखंच वाजतं. तेव्हा छापील मजकूर वाचून मत बनवणाऱ्यांनी जपून.

दुसरा धोका कापलेल्या तुकड्यांचा. समाजमाध्यमांवर तीस सेकंदांत शिवी फिरते, तिच्या मागचा आणि पुढचा अर्धा तास फिरत नाही. निक्सन रात्री एक हुकूम सोडतात आणि सकाळी हाल्डेमन तो गिळून टाकतात, असंही पुष्कळदा होई. बोललं म्हणजे केलं, असा हिशेब टेपवर लावता येत नाही. टेपची खरी किंमत वेगळी: निर्णय व्हायच्या आधी माणसाला काय काय माहीत नव्हतं, ते टेप जपून ठेवते. आत्मचरित्र लिहायला बसल्यावर सगळ्यात आधी हेच पुसलं जातं.

निक्सननंतर कोणी हिंमत केली?

तशी सर्रास यंत्रणा परत बसली नाही. १९७८च्या कायद्याने अध्यक्षांची कागदपत्रं आणि रेकॉर्डिंग्ज जनतेच्या मालकीची ठरली. रेगन यांचे परदेशी नेत्यांशी झालेले काही फोन रेकॉर्ड झालेले आहेत. १९८३च्या ऑक्टोबरात ग्रेनाडावरच्या चढाईनंतर ते ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची मनधरणी करतात, तो मासला ऐकण्याजोगा आहे. थॅचरबाईंचा थंडपणा तारेतून झिरपतो.

सगळ्या टेप्स खुल्या आहेत का? ऐकायला पैसे पडतात?

निक्सनच्या सुमारे ३,००० तासांच्या टेप्स खुल्या झाल्या आहेत. बाकीच्या सुरक्षा आणि खासगीपणाच्या कारणाने बंद आहेत. जॉन्सननी आपल्या पन्नास वर्षं उघडू नका म्हणून सांगितलं होतं, पण ग्रंथालयाने १९९३पासूनच खुल्या करायला सुरुवात केली. केनेडींच्या बॉस्टनच्या ग्रंथालयात, जॉन्सनच्या ऑस्टिनला, निक्सनच्या कॅलिफोर्नियात योर्बा लिंडाला. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरच्या संकेतस्थळावर बऱ्याचशा टेप्स मजकुरासह आहेत. पैसे लागत नाहीत.

सुरुवात कुठून करू?

जॉन्सनच्या फोनपासून. फोनचा आवाज स्वच्छ आहे, आणि २७ मे १९६४चा बंडींबरोबरचा संवाद दोन घोट चहाएवढाच आहे. नंतर क्यूबाचा शनिवार, सवडीने. निक्सनच्या ओव्हल ऑफिसकडे शेवटी वळा आणि मजकूर समोर ठेवूनच ऐका. तिथे कपबशी ठेवल्याचा खणखणाट अध्यक्षांच्या आवाजावर मात करतो, कारण मायक्रोफोन टेबलाच्या पोटातच होते.